शाळेत यंत्र आले, पद का आले नाही?



उत्तर नागपुरात काम करताना आमच्याकडे पदवीधर तरुण-तरुणी करिअरचे विचारायला येतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "एज्युटेकमध्ये स्कोप आहे का? इन्स्ट्रक्शनल डिझायनरला पगार किती मिळतो?" विचारणारा बहुतेक वेळा बी.एड. झालेला असतो, टीईटी-टेटच्या फेऱ्यात वय निघून चाललेले असते, संगणकाची चांगली जाण असते आणि घरात पहिलाच पदवीधर असतो. यूट्यूबवरचे करिअर सल्लागार त्याला मोठमोठी पॅकेजेस सांगतात. आम्ही त्याला इतिहास सांगतो. तो ऐकून काहीजण कंटाळतात, हेही खरे. पण हा इतिहास ठाऊक असल्याशिवाय या क्षेत्रातला पगार का वाढत नाही आणि नोकरी का टिकत नाही हे कळणार नाही, म्हणून तो इथे सविस्तर मांडत आहोत.

आधी व्याख्या. शैक्षणिक तंत्रज्ञ म्हणजे केवळ संगणक दुरुस्त करणारा नव्हे. पाठाची संहिता लिहिणारा, दृकश्राव्य कार्यक्रम तयार करणारा, संगणक प्रयोगशाळा चालवणारा, शिक्षकांना नवी साधने वापरायला शिकवणारा, हे सगळे त्यात आले. मुलाच्या डोळ्यांसमोर काय यायचे आणि कोणत्या भाषेत यायचे हे ठरवणारी ही माणसे आहेत. म्हणून या जागांवर कोण बसतो हा प्रश्न पोटापाण्याइतकाच ज्ञानसत्तेचाही आहे.

चार रुपये महिना

सुरुवात आपल्याच नागपुरातून करू. जाईबाई चौधरी यांचा जन्म उमरेडचा, १८९२ चा. नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहून त्या पोट भरत. मिशनच्या ग्रेगरीबाईंनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले आणि मिशनच्या शाळेत दरमहा ४ रुपयांवर शिक्षिका म्हणून लावले. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून सवर्णांनी ओरड केली आणि जाईबाईंची नोकरी गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथामुळे हा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचला.

ही गोष्ट आपण बहुधा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. ती जिद्दीची आहेच. पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यातली दुसरी बाजूही पाहावी. जाईबाईंची नेमणूक एका भल्या बाईच्या सदिच्छेवर उभी होती. तिच्यामागे नियम नव्हता, मंजूर जागा नव्हती, दाद मागायला कोणी नव्हते. त्यामुळे बाहेर ओरड होताच नोकरी संपली. त्यांना शिकवता येत नव्हते असे कोणीच म्हटले नव्हते.

त्याच काळात मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे (जन्म १८७९) यांनी नागपुरात काय केले तेही पाहा. त्यांनी शाळा काढल्या आणि स्वतःचा छापखानाही उभारला. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', गिरणी कामगारांसाठी 'मजूर पत्रिका' अशी पत्रे त्यांनी चालवली. त्या काळी छापखाना हेच सर्वांत प्रगत शैक्षणिक तंत्रज्ञान होते. यंत्र आपल्या हातात आणि मजकूरही आपला, असा तो प्रयोग होता. पण समाजाच्या वर्गणीवर चालणाऱ्या छापखान्यात पगाराची हमी कोण देणार? ती ताकद फक्त सरकारकडे असते.

बाबासाहेबांनी नेमके तिथेच बोट ठेवले. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलताना, लोकांकडून अबकारीतून जेवढे घेता निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी मागणी त्यांनी केली. १९४२ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात ते याच्याही पुढे गेले. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या तर मागितल्याच, शिवाय सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कार्यशाळांत अस्पृश्य तरुणांना उमेदवार म्हणून शिकायला घ्या, असेही मागितले. 'आमची मुले शिकवा' एवढ्यावर ते थांबत नाहीत. यंत्र जिथे आहे तिथे आमचा माणूस हवा, हे त्या मागणीचे सार आहे. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. शिष्यवृत्ती आणि राखीव जागा या एकाच मागणीच्या दोन बाजू होत्या. आज आपण पहिलीबद्दल खूप बोलतो. दुसरी मात्र आपल्या डोळ्यांदेखत निसटते आहे.

बालचित्रवाणीचे काय झाले?

स्वतंत्र भारतात शिक्षणासाठी मोठे तंत्रज्ञान वापरण्याचा पहिला भव्य प्रयोग म्हणजे 'साइट'. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या गोंदियाच्या पलीकडचे, तेव्हा मध्य प्रदेशात असलेले दुर्ग आणि रायपूर हे जिल्हे मात्र होते. वर्ष संपले, उपग्रह परत गेला, कार्यक्रम बंद झाला.

त्यानंतर इन्सॅट आले आणि १९८४ मध्ये केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, म्हणजे सीआयईटी, स्थापन झाली. सहा राज्यांत राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातली संस्था पुण्यात, १९८४ मध्येच सुरू झाली. तिचे नाव 'बालचित्रवाणी'. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या वाचकांना दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम आठवत असतील. झोपडपट्टीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि अर्धी गल्ली तिथे जमायची, तरी ते कार्यक्रम फुकट होते आणि मराठीत होते. खासगी शिकवणी परवडत नव्हती त्या मुलांसाठी सरकारने दिलेली ती जादा शिकवणीच होती.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, महाराष्ट्रात शैक्षणिक तंत्रज्ञ हा पूर्णवेळ व्यवसाय म्हणून पहिल्यांदा इथे उभा राहिला. संहितालेखक, निर्माता, कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, संकलक अशी माणसे मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करण्याच्या कामावर नोकरीला होती. स्वतःचा स्टुडिओ होता. एका पिढीने यातच आयुष्य घातले.

मग काय झाले? केंद्राचा निधी आटला. राज्याने ती संस्था पूर्णपणे आपली मानली नाही. पगार आधी उशिरा होऊ लागले, मग महिनोन्महिने थकले. ज्यांनी हजारो कार्यक्रम केले ते कर्मचारी पगारासाठी निवेदने देत फिरू लागले. शेवटी २०१७ मध्ये राज्य सरकारने संस्थाच बंद केली. आणि कधी? डिजिटल महाराष्ट्र, डिजिटल शाळा यांचा गजर टिपेला पोहोचला होता तेव्हा! त्याच सुमारास बालभारतीच्या छत्राखाली 'ई-बालभारती' आली आणि ५ सप्टेंबर २०१७ ला केंद्राने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले. (नागपूरच्या माणसाला 'दीक्षा' म्हटले की वेगळेच काही आठवते, ते असो.)

म्हणजे दृकश्राव्य शिक्षणाची गरज संपली होती असे नाही, ती वाढली होती. मराठीत मुलांसाठी कार्यक्रम करण्याचा तीन दशकांचा अनुभव असलेली माणसे हाताशी होती. त्यांना नव्या तंत्राचे प्रशिक्षण देऊन नव्या कामावर घेता आले असते. पण नवे व्यासपीठ उभारताना जुन्या संस्थेतला माणूस आणि त्याची जागा ओझे ठरली. बालचित्रवाणी वाईट चालत होती, काळाच्या मागे होती, असे सांगणारे आहेत. असेलही. पण पैसा बंद करून संस्था मागे पाडायची आणि मागे पडली म्हणून बंद करायची, हा प्रकार आपण जिल्हा परिषदेच्या शाळांबाबतही पाहतोच आहोत.

करार पाच वर्षांचा, माणूस त्याहून कमी काळाचा

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत 'डाएट' म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. मूळ रचनेत तिच्या सात शाखा होत्या आणि त्यातली एक शैक्षणिक तंत्रज्ञानाची होती. कल्पना उत्तम होती. प्रत्येक जिल्ह्यात या विषयाचा सरकारी, वेतनश्रेणीतला माणूस असणार होता. शाळांना रंगीत टीव्ही आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर देण्याची योजनाही त्याच काळातली. त्यातले किती संच मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद राहिले हे कोणत्याही जुन्या शिक्षकाला विचारा. चालवणारा माणूस नव्हता आणि बिघडले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने मुख्याध्यापक हात लावू देत नसत.

संगणकाच्या वेळी चित्र आणखी बिघडले. केंद्राची शाळांसाठीची 'आयसीटी' योजना २००४ च्या अखेरीस आली. महाराष्ट्रात ती 'बूट' पद्धतीने राबवली गेली. बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा, असा तिचा अर्थ. कंपनी शाळेत संगणक बसवणार, निदेशक नेमणार, पाच वर्षे चालवणार आणि मग संगणक शाळेच्या स्वाधीन करणार. या करारात यंत्राचे काय होणार हे लिहिलेले आहे. यंत्र शाळेला मिळते. मग पाच वर्षे त्या खोलीत मुलांना शिकवणाऱ्या निदेशकाचे काय? तो कंपनीचा माणूस, करार संपला की घरी. राज्यातल्या हजारो संगणक निदेशकांनी हे भोगले. मानधन तुटपुंजे, तेही कंपनीच्या मर्जीने. ग्रामपंचायतींतल्या संगणक परिचालकांचीही हीच कहाणी आहे. त्यांचे मोर्चे आपल्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर किती वेळा आले! डिसेंबरच्या थंडीत यशवंत स्टेडियमजवळच्या मंडपांत बसणाऱ्यांत आपल्या समाजाची मुले किती असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला आकडेवारीची गरज नाही.

बिंदुनामावली कुठे लागते?

आता मुद्द्याची गाठ. महाराष्ट्राचा आरक्षण कायदा २००१ चा आहे आणि तो जानेवारी २००४ पासून लागू झाला. अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त-भटक्या जमातींचे चार गट मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९, असे त्यात एकूण ५२ टक्के आरक्षण आहे. पण हे टक्के कशावर मोजतात? मंजूर पदांवर. पद मंजूर झाले की संवर्ग तयार होतो, संवर्गाची बिंदुनामावली तयार होते आणि विभागीय आयुक्तांचा मागासवर्ग कक्ष ती तपासतो. पदच नसेल तर बिंदू नाही आणि बिंदू नसेल तर आरक्षण कुठे लावणार?

संगणक निदेशक कंपनीमार्फत आला, म्हणजे सरकारच्या दप्तरी ती 'सेवा' ठरते, खडूच्या खरेदीसारखी. केंद्र सरकारच्या तात्पुरत्या नेमणुकांतही ४५ दिवसांपेक्षा कमी काळाच्या नसतील तर आरक्षण आहे. पण माणूस एजन्सीचा दाखवला की ती तरतूदही लागत नाही. शिक्षणातले सर्वांत वेगाने वाढणारे काम अशा रीतीने आरक्षणाच्या कक्षेबाहेरच जन्माला घातले गेले. याला आम्ही योगायोग मानत नाही.

आणखी एक पेच आहे, त्याकडे आपल्या चळवळीचे फारसे लक्ष नाही. समजा एखाद्या संस्थेने शैक्षणिक तंत्रज्ञाचे पद मंजूर केलेच, तर ते एकच असते. आणि संवर्गात एकच पद असेल तर ते राखीव ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा १९९८ चा निकाल आहे, चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या प्रकरणातला. म्हणून 'आमच्या कॉलेजात एक पद द्या' ही मागणी पुरेशी नाही. राज्यस्तरीय किंवा निदान जिल्हास्तरीय संवर्ग मागितला पाहिजे. तरच बिंदुनामावलीत आपला बिंदू येईल.

पगाराचे आकडे

आता पगार. सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० पासून, माध्यमिक प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे ३८,६०० पासून आणि विद्यापीठ-महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाचे ५७,७०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता व घरभाडे. शिक्षणसेवक योजना २००० साली आली तेव्हा प्राथमिकला ३,००० रुपये मानधन होते. ते वाढत २०२३ पासून १६,००० झाले. म्हणजे कायम होण्याआधीची तीन वर्षे मूळ वेतनापेक्षाही खूप कमी. तरीही शिक्षणसेवकाला तीन वर्षांनी वेतनश्रेणी आहे, कारण त्याच्यामागे मंजूर पद आहे. शाळेतल्या संगणक निदेशकाला पंधरा वर्षांनीही ती नाही, कारण पद नाही. दोघे एकाच शाळेत, एकाच मुलांना शिकवतात.

या पोकळीत सरकारने 'तंत्रस्नेही शिक्षक' आणले. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' नंतर गावोगाव लोकवर्गणीतून डिजिटल शाळा झाल्या. शिक्षकांनी स्वतःचे मोबाइल वापरून व्हिडिओ केले, ॲप केले. त्यांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे. पण हे तज्ज्ञाचे काम होते आणि ते वर्गशिक्षकाकडून, वेगळ्या वेतनाशिवाय करून घेतले गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोडची कल्पना आणली. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. इतक्या मोठ्या कामासाठी आपल्या व्यवस्थेत वेगळे पद होते का? ते जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षकच होते. आणि २०२२ मध्ये परदेशातल्या अभ्यासाच्या रजेवरून त्यांचे नाव वादात सापडले. जगाने गौरवलेल्या माणसाला जिथे वरची पायरी नाही तिथे बाकीच्यांचे काय?

खासगीतले पॅकेज

खासगी क्षेत्रात हा व्यवसाय नव्वदीतच आला. मुंबईत टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स १९९० मध्ये सुरू झाली आणि परदेशी कंपन्यांसाठी ई-लर्निंगचे अभ्यासक्रम बनवू लागली. २०१८ मध्ये ती दुसऱ्या कंपनीला विकली गेली. पुणे, मुंबई, बंगळुरूमध्ये इन्स्ट्रक्शनल डिझायनरला आजही चांगले पैसे मिळतात. हे नाकारायचे कारण नाही. पण तिथली भाषा इंग्रजी, ग्राहक परदेशी आणि नोकऱ्या ओळखीपाळखीतून. आरक्षण तर नाहीच. एसएनडीटी विद्यापीठासारख्या ठिकाणी या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे हे नागपूरच्या किती मुलींना माहीत असते?

कोरोनाच्या टाळेबंदीत मात्र सगळेच ऑनलाइन झाले आणि एज्युटेकची हवा झाली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, संगणक सुमारे ४ टक्के घरांत. आपली मुले शाळेबाहेर फेकली जात असताना बाजार फुगत होता. बायजूजने ऑगस्ट २०२० मध्ये व्हाइटहॅट ज्युनियर ३० कोटी डॉलरना घेतली. २०२२ मध्ये बायजूजचे मूल्य २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात २५०० जणांना काढण्याची घोषणा झाली आणि जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आमच्या ओळखीची दोन मुले अशाच एका कंपनीत विक्रीच्या कामाला लागली होती. पद 'अकॅडमिक' शब्दाने सुरू व्हायचे, काम मात्र गरीब पालकांना कर्जावर कोर्स विकण्याचे. एकाने दोन महिन्यांत सोडले. "आपल्याच माणसांना गंडवायचे होते, सर," एवढेच तो म्हणाला.

सरकारचा ओढा मात्र कोणत्या बाजूला आहे हे ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने उघड केले. नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी कामांसाठी मनुष्यबळ घेण्याचा तो निर्णय होता. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. आपण जिंकलो म्हणून पेढे वाटले गेले. पण शैक्षणिक तंत्रज्ञानाचे क्षेत्र त्या निर्णयाच्या किती तरी आधीपासून एजन्सीवरच चालू होते आणि तो रद्द झाल्यावरही तसेच राहिले.

मग या क्षेत्रात जायचे की नाही? जरूर जावे. एकच अट आम्ही सांगतो. जाहिरात वाचताना पगाराच्या आधी तीन गोष्टी पाहा: पद मंजूर आहे का, नियुक्ती कोण करणार आणि वेतनश्रेणी लिहिली आहे की 'एकत्रित मानधन'. मूळ शिक्षकाची किंवा प्राध्यापकाची पात्रता, म्हणजे टीईटी, नेट, सेट, हातची सोडू नका. तंत्रज्ञानाची पदवी तिच्या जोडीला घ्या, तिच्या ऐवजी नको. कंत्राटावर लागलात तर नेमणूकपत्र, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी, हजेरी यांच्या प्रती जपून ठेवा. उद्या न्यायालयात त्याच उभ्या राहतील.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक काम. नागपूर जिल्ह्यात १३ पंचायत समित्या आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत, उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला आणि डाएटला विचारा: तुमच्याकडे शैक्षणिक तंत्रज्ञानाची मंजूर पदे किती, भरलेली किती, बिंदुनामावली शेवटची कधी तपासली, गेल्या दहा वर्षांत संगणक, टॅब आणि स्मार्ट बोर्डवर किती खर्च झाला, आणि ते चालवणाऱ्या माणसांच्या वेतनावर किती? अर्ज मराठीत, आपल्या नावाने करा. उत्तरे आली की आमच्याकडे पाठवा. तालुकावार तक्ता करून तो हिवाळी अधिवेशनाच्या आधी आपल्या भागातल्या आमदारांच्या हातात द्यायचा आहे.